सोडण्याची उंची

२७ मे १९९९ ची सकाळ. बटालिक विभागातल्या शिखरांवर मिग-२७ विमानांची एक तुकडी घुसखोरांच्या ठाण्यांवर हल्ला करत होती. कारगिलच्या युद्धातली हवाई मोहीम, ‘ऑपरेशन सफेद सागर’, सुरू होऊन जेमतेम एक दिवस झाला होता. तुकडीत नवव्या स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट कंबमपाटी नचिकेता होते, वय पंचविशीच्या आसपास. ८० मिलिमीटरची रॉकेट्स त्यांनी आधीच सोडली होती. पुढच्या फेरीत त्यांनी ३० मिलिमीटरची तोफ चालवली आणि त्यांच्या विमानाचे इंजिन बंद पडले.

मिग-२७ ला दुसरे इंजिन नाही. खाली बर्फाचे उघडे डोंगर, कुठेही सपाट जागा नाही, आणि समोरची कित्येक शिखरे शत्रूच्या ताब्यात. अशा जागी इंजिन गमावलेल्या तरुणाने पुढच्या काही सेकंदांत काय केले, हे आपल्याकडे फारसे कुणी नीट सांगितलेले नाही. त्यांच्या पाकिस्तानातल्या कैदेबद्दल आणि सुटकेबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र त्या कैदेच्या आधीचे क्षण अधिक महत्त्वाचे वाटतात. लढाऊ वैमानिकाच्या कसबाचा सर्वांत कठीण भाग तिथे आहे.

आधी इंजिनाचे बघू. जेट इंजिन समोरून हवा ओढते, कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या रांगांमधून ती दाबत नेते, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळते आणि तापलेला वायू मागे फेकते. जाता जाता हाच वायू टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन पुन्हा पुढचा कॉम्प्रेसर फिरवते. हे सगळे चक्र हवेच्या सुरळीत प्रवाहावर उभे आहे. हवा कमी आली, तिरकी आली किंवा एकाच बाजूने गरम आली, की पात्यांना ती पकडता येत नाही. दाबलेली हवा उलटी पुढे धडकते. वैमानिकाला पाठीमागे तोफ उडाल्यासारखा धक्का बसतो, इंजिन आचके देते, आणि भडकलेला स्टोव्ह फक्कन विझावा तशी आतली ज्योत जाते. हवाई दलात याला ‘फ्लेमआउट’ म्हणतात.

मिग-२७ च्या पोटाखाली बसवलेली तोफ सहा नळ्यांची होती. मिनिटाला चार-पाच हजार गोळ्या हा तिचा वेग. विमानात असत साधारण तीनशे गोळ्या, म्हणजे सलग दाबून धरली तर साधारण चार सेकंदांत सारा साठा संपावा. इतका दारूगोळा इतक्या थोड्या वेळात जळाला की गरम, प्राणवायू नसलेल्या धुराचा मोठा लोट सुटतो. विमानाची हवा ओढणारी तोंडे तोफेच्या दोन्ही बाजूंना, फार दूर नसलेली. हे विमान सोव्हिएत अभियंत्यांनी बांधले ते युरोपच्या मैदानांवर, जमिनीलगत उडून रणगाडे फोडण्यासाठी. तिथल्या दाट हवेत इंजिनाला थोडा धूर पचतो. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. एरवी जेमतेम पुरणाऱ्या त्या हवेत धूर मिसळला की कॉम्प्रेसरची सहनशक्ती संपते. कारगिलमध्ये इतक्या उंचीवर, इतक्या उंच लक्ष्यांवर, अशा विमानाने तोफ चालवण्याचा अनुभव फारसा कुणाकडे नव्हता. पाकिस्तानने विमान पाडल्याचा दावा केला. भारतीय हवाई दलाने पहिल्यापासून फ्लेमआउट सांगितले, आणि पाकिस्तानी हवाई दलाचे कैसर तुफैल यांनीही पुढे आपल्या लेखनात तेच लिहिले.

ज्योत गेल्यावर वैमानिकाला पहिली जाणीव शांततेची होते. पाठीमागचा अखंड गडगडाट थांबतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, काटा उतरू लागतो, टर्बाइनचे तापमान उतरते, एकामागून एक धोक्याचे दिवे लागतात. विमान लगेच दगडासारखे पडत नाही, पण त्याचे पंख तरंगण्यासाठी बनलेले नसतात. मिग-२७ चे पंख मागेपुढे होणारे होते: उतरताना १६ अंश, वेगात ४५ किंवा ७२ अंश. हल्ल्यातून बाहेर पडणाऱ्या विमानाचे पंख मागे दुमडलेले असतात, म्हणजे तरंगण्यासाठी वाईट अवस्थेत. ते पुढे आणायला हायड्रॉलिकचा दाब लागतो आणि हायड्रॉलिकचा पंप इंजिनावरच चालतो. वाऱ्याने फिरत राहिलेले इंजिन थोडासा दाब देत राहते, तेवढ्यावर विमान वळवण्याचा दांडा हलतो. वीज बॅटरीवर येते. जे काही करायचे ते या उरल्यासुरल्या शिदोरीवर.

इंजिन पुन्हा पेटवण्याची कृती प्रत्येक वैमानिकाला तोंडपाठ असते. ‘बोल्ड फेस’ म्हणतात त्या कृतींना. पुस्तकात ठळक टाइपात छापलेल्या, झोपेतून उठवून विचारल्या तरी क्रमाने सांगता आल्याच पाहिजेत अशा. इंजिनाचा जोर ठरवणारा थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन इंधन बंद करायचे, म्हणजे आत साचलेले इंधन निघून जाईल. नाक खाली ठेवून वेग राखायचा, म्हणजे वाऱ्याने इंजिन फिरत राहील. मग पेटवणीचे बटण. रशियन इंजिनांत त्या वेळी ज्वलनकक्षात जादा प्राणवायूही सोडला जातो, कारण विरळ हवेत ठिणगीला आधार लागतो. मग थ्रॉटल थोडा पुढे आणि वाट बघणे. काटा वर येतो का, तापमान चढते का, हे बघत बसायचे. पेटले तरी इंजिनाला पूर्ण जोर धरायला आणखी वेळ लागतो. या सगळ्याला जाणारे सेकंद मोजून ठेवा, कारण त्याच सेकंदांत विमान मिनिटाला हजारो फुटांच्या हिशेबाने खाली येत असते.

उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. मैदानावर अठरा हजार फूट म्हणजे वैमानिकाच्या हातात दोन-तीन प्रयत्नांचा अवकाश. बटालिकमध्ये तोच काटा तेवढीच उंची दाखवत असतो आणि डोंगराची सोंड दोन-तीन हजार फुटांवर आलेली असते. पहिली गरज आहे नाक खाली ठेवण्याची, आणि नाक खाली केले की समोर दरीऐवजी कडा येतो. नचिकेतांनी इंजिन पेटवण्याचा प्रयत्न केला, ते जोर धरेना, डोंगर जवळ आला, आणि त्यांनी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाची दांडी ओढली.

त्यांच्या सगळ्या कृतींमध्ये मला हीच सर्वांत मोठी वाटते. ही दांडी वेळेत ओढणे दिसते तितके सोपे नसते. ज्या यंत्राशी आपली ओळख बांधली गेली आहे, ज्यावर देशाने कोट्यवधी रुपये खर्चले आहेत, ते अजून हातात आहे, काटा किंचित हलतो आहे, आणखी एक प्रयत्न करू, आता लागेलच, असे मन सांगत राहते. मदतीला धावण्याची, टिकून राहण्याची वृत्ती ज्यांच्यात ठासून भरलेली असते अशीच मुले या कामासाठी निवडलेली असतात. आणि नेमकी तीच वृत्ती इथे जीव घेते. हवाई वैद्यकातले अभ्यास वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत: इजेक्शन करूनही, म्हणजे आसनासह बाहेर पडूनही, जे वाचले नाहीत, त्यांच्यात आसन बिघडल्याने गेलेले थोडे आणि दांडी उशिरा ओढल्याने गेलेले जास्त. अमेरिकी हवाई दलाच्या पुस्तकांत म्हणून आकडेच घालून दिलेले आहेत. विमान ताब्यात असेल तर जमिनीपासून २,००० फुटांच्या आत येण्याआधी सोडा. ताब्यात नसेल तर त्याहून कितीतरी उंचावरच सोडा. हा निर्णय आकाशात घ्यायचा नसतो. तो जमिनीवर, ब्रीफिंगच्या खोलीत, खुर्चीत बसून आधीच घेऊन ठेवायचा असतो. वर गेल्यावर फक्त त्याची अंमलबजावणी.

गंमत अशी, की याच वैमानिकाला सुरुवातीला नेमके उलटे शिकवलेले असते. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत कॅडेट पहिल्यांदा विमान चालवायला शिकतो तेव्हा इंजिन बंद पडल्यावर शेत कसे निवडायचे, वाऱ्याची दिशा कशी बघायची, वळसा घेत उंची कशी खर्चायची आणि विमान अलगद कसे टेकवायचे, याचा सराव त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. हलके प्रशिक्षण विमान छान तरंगते. तो धडा अंगात मुरतो. पुढे लढाऊ विमानात आल्यावर त्याला तो मनातून काढावा लागतो. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने टेकणारे मिग शेतात उतरत नाही. तुटते आणि पेटते.

याला अपवाद आहेत. १९९६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीच्या धावपट्टीवर एका एफ-१६ वैमानिकाने बंद इंजिनाने विमान सुखरूप उतरवले, आणि त्याच्या कॉकपिटमधले चित्रीकरण आजही जगभरच्या वैमानिकांना दाखवतात. पण त्याच्याकडे पुरेशी उंची होती, आवाक्यात धावपट्टी होती, सोबतचे विमान बाजूने उडत होते, आणि एफ-१६ मध्ये इंजिन गेल्यावर काही मिनिटे दांड्याला बळ पुरवणारी वेगळी यंत्रणा असते. या चारपैकी दोन गोष्टी कमी असत्या, तर त्यालाही दांडीच ओढावी लागली असती आणि तीच बरोबर ठरली असती.

दुसरे इंजिन असले की काय होते तेही कारगिलनेच दाखवले. नचिकेतांच्या आधी सहा दिवस, २१ मे रोजी, स्क्वाड्रन लीडर पेरुमल टेहळणीची छायाचित्रे घेत कॅनबेरा विमान उडवत होते. खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र उजव्या इंजिनावर आदळले. कॅनबेरा जुने, १९५० च्या दशकातल्या घडणीचे विमान. पण त्याची दोन इंजिने दोन पंखांवर एकमेकांपासून दूर बसवलेली. पेरुमल एका इंजिनावर श्रीनगरला उतरले आणि छायाचित्रेही परत आली.

अंबाल्यात २७ जून २०१९ रोजी एका जग्वारला उड्डाणानंतर लगेच पक्षी धडकले आणि एक इंजिन गेले. तरुण वैमानिकाने इंधनाच्या जादा टाक्या आणि सरावाचे बॉम्ब टाकून विमान हलके केले आणि उरलेल्या इंजिनावर ते पुन्हा त्याच तळावर उतरवले. जमिनीवर कुणी दगावले नाही. दोन इंजिने म्हणजे अभय, असे मात्र कुणी समजू नये. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावरून उडालेल्या मिग-२९के विमानासमोर पक्ष्यांचा थवा आला. एक इंजिन विझले, दुसऱ्याने पेट घेतला. उंची कमी होती. कॅप्टन शेओखंड आणि लेफ्टनंट कमांडर दीपक यादव यांनी विमानाचे नाक वस्तीपासून दूर वळवले आणि दोघेही बाहेर पडले. विमान वेर्णेच्या उघड्या पठारावर कोसळले. दाबोळी ते वेर्णा हा टापू ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल, की तिथे मोकळे पठार आणि भरवस्ती यांच्यात किती थोडे अंतर आहे.

विमान वस्तीजवळ कोसळते म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्याला अनुभवाने ठाऊक आहे. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून उभा आहे. मिग-२१ तिथे बनली. भारतीय हवाई दलाची दीडशेहून अधिक मिग-२७ तिथेच तयार झाली, त्यांची इंजिने ओडिशातल्या कोरापुटला. पुढे तिथे सुखोई-३० बनली आणि तिची दुरुस्तीही होऊ लागली. जून २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि जून २०२४ मध्ये शिरसगावला, चाचणीसाठी उडालेली सुखोई शेतांत पडली. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले. आसपासच्या शेतकऱ्यांनी ते ढिगारे आणि पॅराशूट आपल्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

अशा प्रत्येक घटनेनंतर आपल्याकडे एक ठरलेले वाक्य छापून येते: वैमानिकाने प्राणांची पर्वा न करता विमान वस्तीपासून दूर नेले. गोव्यात ते खरे होते आणि त्या दोघांचे कौतुक झालेच पाहिजे. पण या वाक्याच्या सवयीने एक नुकसान होते. जो राहिला तो शूर, आणि जो वेळेत बाहेर पडला तो फक्त नशीबवान, असे आपण नकळत मानू लागतो. वेळेत सोडलेले विमान हाही कसबाचाच पुरावा आहे. विमानाऐवजी विमान घेता येते. एक पूर्ण तयार लढाऊ वैमानिक घडवायला मात्र अनेक वर्षे जातात.

आणि सोडून आल्यावर पुढे चौकशी असते. प्रत्येक अपघातानंतर ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसते, ती बसायलाच हवी. नाहीतर पुढच्या इंजिनातला दोष कधी सापडायचा नाही. पण चौकशीचा शेवट वारंवार ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत होऊ लागला, तर कॉकपिटमध्ये बसलेल्या मुलाच्या मनावर त्याचे ओझे पडते. आणखी एक प्रयत्न करू, या विचाराला तिथून बळ मिळते. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगढला मिग-२१ च्या रात्रीच्या उड्डाणात गेले. तो इंजिन बंद पडण्याचा प्रसंग नव्हता. पण ठपका त्यांच्यावर ठेवला गेला, आणि आई कविता गाडगीळ व वडील, निवृत्त विंग कमांडर अनिल गाडगीळ, यांनी तो निमूट स्वीकारला नाही. त्यांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान काढले आणि यंत्रे, देखभाल, प्रशिक्षण यांबद्दलचे प्रश्न वर्षानुवर्षे विचारत राहिले. ते प्रश्न रास्त होते. साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट मिगवर जाणारी मुले मधल्या पायरीवाचून चढत आहेत, हे १९८२ मध्येच एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने सांगितले होते आणि प्रगत प्रशिक्षण विमानाची शिफारस केली होती. त्या विमानाचा, म्हणजे हॉकचा, करार झाला २००४ मध्ये, आणि बिदरला हॉक आली २००८ मध्ये. सव्वीस वर्षे! या काळात हवाई दलाने गमावलेल्या मिग-२१ विमानांची नुसती संख्या वाचली तरी राग येतो. एकूण सेवाकाळात ती चारशेच्या वर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ला निरोप दिला गेला तेव्हा भाषणांत गौरव भरपूर होता. तो गौरव त्या विमानाने कमावलेलाही होता. पण त्या सव्वीस वर्षांचा हिशेब कुणीतरी तिथे उभे राहून द्यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

मिग-२७ त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये, जोधपूरला निवृत्त झाली. एका इंजिनाची विमाने मात्र संपलेली नाहीत. आपले तेजस एका इंजिनाचे आहे. मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ पहिल्यांदा एक तेजस कोसळले आणि वैमानिक आसनासह बाहेर पडून वाचला. एका इंजिनाचे विमान हलके, स्वस्त आणि चपळ असते, आणि इंजिने आता पूर्वीपेक्षा कितीतरी भरवशाची झाली आहेत. म्हणून हा सौदा चुकीचा नाही. फक्त त्याची किंमत नीट ठेवलेले आसन, काटेकोर देखभाल आणि सिम्युलेटरमधले तासन्‌तास, अशा रोकड रूपात आधीच चुकती करावी लागते.

बटालिककडे परत जाऊ. विमान सोडल्यावर नचिकेता बर्फात उतरले. पॅराशूट कुठे उतरले हे वरून पाहण्यासाठी सतराव्या स्क्वाड्रनचे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपल्या मिग-२१ मधून त्या भागात थांबले. निघून जाणे त्यांना शक्य होते. खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र त्यांच्या विमानाला लागले. विमान सोडतो आहे, असे त्यांनी रेडिओवर कळवले. ते जिवंत परतले नाहीत. त्यांचा मृतदेह भारताच्या हवाली झाला तेव्हा त्यावर गोळ्यांच्या जखमा होत्या, आणि त्या जखमा ते जमिनीवर आल्यानंतरच्या असल्याचे भारताने सांगितले. मरणोत्तर वीरचक्र त्यांना मिळाले. विमान वेळेत सोडावे असे मी वर इतके लिहिले. आहुजांनी विमान वेळेतच सोडले होते. त्यांचा धोका त्याआधीचा होता. सोबत्यासाठी थांबण्याचा निर्णय त्यांनी इंजिन धडधाकट असताना, पूर्ण शुद्धीत घेतला होता.

नचिकेतांनी जवळच्या पिस्तुलाने प्रतिकार केला आणि पकडले गेले. सुरुवातीला त्यांना मारहाण झाली. एका वरिष्ठ पाकिस्तानी अधिकाऱ्याने ती थांबवली. आठवडाभराने रेडक्रॉसमार्फत वाघा सीमेवरून ते परत आले. पुढे त्यांना वायुसेना पदक मिळाले.

इजेक्शनमध्ये आसनाखालचा दारूचा दणका माणसाला विमानाबाहेर फेकतो, तेव्हा क्षणभर त्याच्या कण्यावर शरीराच्या वजनाच्या पंधरा-वीस पट भार येतो. बाहेर पडलेल्या वैमानिकांच्या पाठीचे मणके दबणे ही नेहमीची दुखापत आहे, म्हणून अशा प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी कसून होते. नचिकेतांच्या पाठीने लढाऊ विमानाचे आसन पुन्हा स्वीकारले नाही. उडणे त्यांनी सोडले नाही. ते मालवाहू इल्यूशिन-७६ वर गेले आणि नंतर त्याच घडणीच्या इल्यूशिन-७८ वर, चार इंजिनांच्या त्या टँकरवर, जो आकाशातच लढाऊ विमानांना इंधन भरून देतो. ग्रुप कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोचेतो त्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले.